प्रॉमचा गाऊन आणि चटणीचे डबे

गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या प्रॉममध्ये सरबताचं चार मजली कारंजं कोसळलं, ते मी पाडलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ते आपल्याच हातून पडलं असं समजून आजही हळहळणाऱ्या बिराजदारांना तर नाहीच नाही.

मुळात मी बोलणारा माणूस नव्हे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. तिथं मागांचा खडखडाट असा, की तोंड उघडणं म्हणजे नुसती हवा खाणं. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की आपण मान हलवायची, एवढंच संभाषण. इतक्या वर्षांत या मानेला अशी सवय लागली आहे, की घरीसुद्धा ती माझ्या परवानगीसाठी थांबत नाही. कुणी बोलायचं थांबलं, की आपली आपण हलते. (माझं लग्नही असंच ठरलं. सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे ठाऊक आहे. सणासुदीला ती ते चारचौघांत सांगते.)

दुसरी सवय दोऱ्याची. टॉवेल तपासताना लोंबता दोरा दिसला की कापायचा. त्यासाठी खिशात कायम एक छोटी कात्री. आधी कच्, मग विचार! एकदा सासऱ्यांच्या नव्या सदऱ्याला एक दोरा लोंबताना दिसला. पुढच्या क्षणी त्यांची दोन बटणं बासुंदीच्या वाटीत. तेव्हापासून ते माझ्यासमोर बसताना शाल घेऊन बसतात. मे महिन्यातसुद्धा.

या दोन सवयींचा माणूस प्रॉमला गेला, त्याची ही गोष्ट.

आमच्या वेळी दहावीला निरोप समारंभ असायचा. चिवडा, केळं आणि हेडमास्तरांचं भाषण. मुली रडायच्या, आणि मुली रडतायत म्हणून आम्ही पोरं रडायचो. खर्च संपला! पण गेल्या वर्षी श्रावणी शाळेतून आली ती दप्तर न काढताच म्हणाली, "मम्मी, यंदा सेंड-ऑफ नाही. प्रॉम!"

"ते काय असतंय?"

"गाऊन घालायचा, रॅम्पवर चालायचं, डान्स करायचा. शेवटी प्रॉम क्वीन निवडतात."

"आणि बोर्डाची परीक्षा कोण देणार? क्वीन?"

शाळेची सूचना मोबाइलवर आली. 'प्रॉम नाईट. वेळ सायंकाळी पाच ते आठ. आई-वडील दोघांची उपस्थिती अनिवार्य. मुलांचा व मुलींचा डान्स फ्लोअर स्वतंत्र राहील.' (परदेशात पोरं या कार्यक्रमाला आईबापांना चुकवून जातात म्हणे. सोलापुरात आईबापांना बरोबर घेऊन, आणि आठच्या ठोक्याला परत.)

आधी वर्गणी आली. मग फोटोग्राफरची वेगळी वर्गणी. मग मेकअपवाली. मग कोण कशातून येणार ही चर्चा. एकाच्या बापानं उघडी जीप सांगितली, म्हणून दुसऱ्याच्या बापानं लग्नातली बग्गी सांगितली, आणि बग्गीवाल्यानं त्याच दिवशी भाव वाढवला. आमच्या समोरच्या दारी बिराजदार राहतात. शेंगाचटणीचे मोठे व्यापारी, आकारानंही मोठे, मनानं त्याहून. त्यांची श्रेया श्रावणीच्याच वर्गात. एक दिवस त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"गावडेसाहेब, श्रेयाचा गाऊन पुण्यावरनं मागवलाय, भाड्यानं! डिपॉझिट ऐकाल तर हितंच पायरीवर बसाल. अय्यय्यो! तेवढ्यात माझं लगीन झालंतं, बँडबाजासकट!"

मी मान हलवली.

"एक डाग पडला तर डिपॉझिट गेलं बघा. पोरीला बजावलंय, बसायचं न्हाई, खायचं न्हाई, हसायचं बी बेतानं. सगळ्याच पोरींचे गाऊन तसलेच हायत की, भाड्याचे. तुमचं काय ठरलंय?"

आमचं काय ठरलं होतं ते मला त्याच रात्री जेवताना कळलं.

"अहो, प्रॉम आठ दिवसांवर आला," सुरेखा म्हणाली. "गाऊन कधी येतोय?"

कसला गाऊन, अशा नजरेनं मी श्रावणीकडे बघितलं.

"पप्पा, तुम्ही हो म्हणालात ना!" श्रावणीचा आवाज बारीक झाला. "मी विचारलं होतं, वाइन रंगाचा, मखमलीचा, भाड्याचा नको, माझा स्वतःचा. पुण्याहून आणणार का? तुम्ही चांगली दोनदा मान हलवली. मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय!"

आता त्या पोरीला काय सांगणार? की बाई गं, ती मान मी नव्हतो हलवत?

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटबाहेर जाऊन पुण्याला फोन लावला. दुकानातली बाई म्हणाली, "शिवून द्यायला महिना लागेल." मग तिनं किंमत सांगितली. मी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही, हे माझं नशीब.

त्या दुपारी गोदामात मी डोकं धरून बसलो होतो आणि समोर एक तागा पडला होता. वाइन रंगाचा. परदेशी गिऱ्हाइकानं रंगाची छटा चुकली म्हणून परत केलेला. आता टॉवेलमधली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. टॉवेलच्या अंगावर बारीक फेरे असतात ना, ते एका बाजूनं कातरले की कापड थेट मखमलीसारखं दिसतं. उन्हात धरा, चकाकतं! आतल्या बाजूचे फेरे मात्र तसेच. बाहेरून राणी, आतून टॉवेल.

मालकांना विचारलं, "यातलं थोडं पायपुसण्यांना नेऊ का?" ते म्हणाले, "न्या की." आणि मी इतकं नेलं, की पूर्ण गल्लीची पायपुसणी झाली असती.

आमच्याकडे शिलाईला नरसय्या मास्तर आहेत. उभा जन्म परदेशी हॉटेलांचे बाथरोब शिवण्यात गेलेला. त्यांना मोबाइलवर गाऊनचा फोटो दाखवला.

"हे होय? हे बाथरोबच हाय की, सार! खालून लांब केला, मागं शेपूट लावली, फुडं बंद केला. झाला गाऊन!"

"मास्तर, बाथरोब म्हणू नका."

"मग काय म्हनू?"

"काहीच म्हणू नका. शिवा."

"खिसे किती?"

"गाऊनला खिसे नसतात हो."

"खिशाबिगर माज्या मशीनखालून काय निगत न्हाई, सार. हात सवताच वळतोय." (आता मानेच्या सवयीवर मी या माणसाला काय उपदेश करणार!)

तर दोन खिसे ठेवायचे ठरले. मात्र मी एक बजावलं. बाथरोबला मानेमागं खुंटीला अडकवायची पट्टी असते, ती लावायची नाही. मास्तरांनी मान हलवली. तेही आमच्याच शेडमध्ये बसतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

गाऊन शिवून आला. रंग सुटू नये म्हणून मी तो कारखान्यातच तीनदा धुवून घेतला. घरी श्रावणीनं अंगात घातला आणि सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच सांगतो, पोरगी महाराणी दिसत होती. मागं शेपूट हॉलमधून थेट स्वयंपाकघरात गेलेली. श्रावणीनं बाहेरून हात फिरवला, मग खिशात हात घातला. क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, पुण्याचाच ना?"

मान हलली. या वेळी मात्र मीच हलवली.

त्या रात्रीपासून माझा जीव टांगणीला. वर्गातल्या सगळ्या पोरी बुटिकच्या साटीनमध्ये, आणि माझी पोरगी टॉवेलमध्ये! कळलं तर 'टॉवेलवाली' हे नाव तिच्या लग्नापर्यंत चिकटेल. मला क्वीन नको होती, काही नको होतं. आठ वाजेपर्यंत गाऊन कशाचा आहे हे कुणाला कळू नये, एवढंच हवं होतं.

प्रॉम एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर होता. फेब्रुवारी सरत आलेला, पाचचं ऊन चांगलं तापलेलं. बग्गी आली, जीप आली, आमची स्कूटी आली. (गाऊनची शेपूट सुरेखानं मांडीवर घडी घालून धरली होती. मागून मी सिटी बसनं.) लॉनच्या मधोमध प्लायवूडचा चकचकीत डान्स फ्लोअर, आणि त्याच्या कडेला उंच टेबलावर ते कारंजं! काचेचे चार मजले, त्यातून निळंशार सरबत खळाळत होतं. घंगाळंभर तरी असेल. केटररनं ते वाऱ्यानं हलू नये म्हणून मागच्या खांबाला बांधलं होतं. हे मला नंतर कळलं. कसं, ते सांगतोच.

अर्ध्या तासात साटीनवाल्या पोरी घामानं निथळल्या. मेकअप गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून रुमालात. आणि श्रावणी? कोरडी ठणठणीत! शंभर टक्के कापूस हो, आतल्या आत घाम टिपत होता. त्यात तिनं सहज खिशातून मोबाइल काढला, आणि किंकाळी उठली.

"श्रावणी! तुझ्या गाऊनला पॉकेट्स?"

पोरींचा गराडा पडला. श्रेया तर रडवेली झाली. "पप्पा, एवढं डिपॉझिट भरलं आणि माझ्याला एक पण पॉकेट नाही!"

बिराजदार माझ्याकडे आदरानं बघायला लागले. "काय दुकान हो, गावडेसाहेब? पत्ता द्या की!"

मी मान हलवली आणि तिथून सटकलो. छाती जरा फुगली होती. तेवढ्यात रॅम्पसाठी मुली रांगेत उभ्या राहिल्या, श्रावणीनं केस पुढं घेतले, आणि मला ती दिसली. मानेमागं पट्टी! खुंटीला अडकवायची! मास्तरांनी लावलीच होती. नुसती लावली नव्हती, ताठ उभी राहावी म्हणून दुहेरी शिवली होती!

मी कात्री काढली. रांग डान्स फ्लोअरवरून पुढं सरकत होती, म्हणून मी टेबलाच्या मागून वाकत वाकत निघालो. वधूपित्याच्या वयाचा माणूस, सफारीत, हातात कात्री, मुलींच्या रांगेमागं दबकत चाललेला! आज आठवलं तरी घाम फुटतो. कुणी बघितलं असतं तर प्रॉम पोलीस चौकीत संपला असता. कारंज्यामागं पोचलो. श्रावणी चार हातांवर. नेम धरला. आणि तेवढ्यात माझ्या नाकासमोर एक दोरा दिसला.

लोंबता. पांढरा. नायलॉनचा.

कच्!

आधी हात, मग विचार. विचार आला तो असा: हा दोरा एवढा ताणलेला का होता?

कारंजं किंचित डुललं. मग ते थांबलं. मीही हळूच चार पावलं मागं सरलो. आणि नेमके त्याच क्षणी बिराजदार आले, तिसरा ग्लास भरायला. त्यांनी नळीला नुसतं बोट लावलं हो, नुसतं बोट!

धाडकन चारही मजले आडवे!

"अय्यय्यप्पा!" बिराजदार ओरडले. निळ्या सरबताचा लोंढा टेबलावरून उतरला आणि चकचकीत फ्लोअरवरून सरळ मुलींच्या दिशेनं निघाला. फ्लोअरला त्याच बाजूला उतार होता. आणि तिथं उभे होते पुण्याचे, भाड्याचे, जमिनीवर लोळणारे गाऊन! सगळ्या आया एका सुरात ओरडल्या:

"डिपॉझिट!"

मुली मागं सरेनात. एकमेकींच्या शेपटांवर पाय देऊन उभ्या होत्या, हलली की फाटणार. बाप लोक खुर्च्यांवरून उठले आणि कुणी काय करायचं हे ठरेना म्हणून परत बसले. लोंढा पुढं आला. पहिल्या गाऊनपासून एका हातावर!

तेव्हा श्रावणी रांगेतून बाहेर आली. तिनं काय केलं सांगतो. आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यातून पाणी बाहेर यायला लागलं की ती जुना टॉवेल टाकते आणि पायानं सरकवते. अगदी तसंच, जराही न दचकता, तिनं आपली शेपूट गोळा केली, लोंढ्याच्या तोंडाशी आडवी टाकली आणि पायानं दाबली.

आणि गाऊन प्यायला लागला!

काय प्यायला हो! उभ्या आयुष्यात मी लाखो टॉवेल तपासले असतील, पण इतकं मन लावून पिणारा टॉवेल बघितला नाही. (तीनदा धुतलेला ना! कोरा टॉवेल पाणी ढकलतो, धुतलेला पितो.) लोंढा अडला. वळला. श्रावणी शेपूट ओढत त्याच्यामागं गेली, डावीकडून, उजवीकडून, फ्लोअरच्या टोकापर्यंत. घंगाळंभर सरबत गाऊनच्या पोटात गडप! एका गाऊनला शिंतोडा नाही. फ्लोअर तर पहिल्यापेक्षा चकचकीत.

मग आयांनी टाळ्या सुरू केल्या. एकीनं शिट्टीही मारली. क्वीन निवडायला परीक्षक बोलावले होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. "श्रावणी! श्रावणी!" असा एकच गजर झाला. त्यांनी मुकाट्यानं मुकुट काढून दिला.

आता अडचण एकच. क्वीनला स्टेजवर चढता येईना. ओली शेपूट भिजलेल्या म्हशीएवढी जड झालेली. बिराजदार धावत आले. अपराधी चेहरा, डोळे भरलेले.

"माझ्यामुळं झालं बघा, गावडेसाहेब. माझ्या हातानं पोरीचा गाऊन नासला. धरा तुम्ही त्या टोकाला, पिळू."

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलं. आणि मान हलली.

दोघांनी शेपूट उलटसुलट पिळली. निळ्या धारा लागल्या. पिळता पिळता बिराजदारांचा हात मंद झाला. त्यांनी आतली बाजू अंगठ्यानं चोळली. मग माझ्याकडे बघितलं.

"गावडेसाहेब..." ते हळूच म्हणाले. "हे मखमल न्हाई वाटतं."

मी शेपूट सोडून गर्दीत मागं सरकलो, आणि हलकी झालेली श्रावणी स्टेजवर चढली. तिथं मुख्याध्यापिका बाईंनी माइकवर विचारलं, "श्रावणी बेटा, इतकं पाणी शोषणारं हे कुठलं कापड? इम्पोर्टेड आहे का?"

माइक श्रावणीच्या हातात गेला. तिनं गर्दीतून मला शोधलं. एवढ्या लांबून बोलणं शक्य नव्हतं, पण ती मागाच्या शेडमध्ये लहानपणी डबा द्यायला यायची, ओठांनी बोलणं तिला येतं. आवाज न करता तिनं विचारलं: सांगू?

मला समजलं. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि आयुष्यात पहिल्यांदा, समोरचा काय विचारतोय हे नीट कळून, मी खरेपणानं मान हलवली.

"टॉवेल आहे, मॅडम," श्रावणी माइकवर खणखणीत म्हणाली. "सोलापुरी. माझ्या पप्पांच्या कारखान्यातला. आणि याला दोन खिसे आहेत!" मग मागं वळून मानेमागची पट्टी दाखवली. "आणि घरी गेल्यावर खुंटीला पण अडकवता येतो!"

असा हशा आणि अशा टाळ्या त्या लॉननं एखाद्या लग्नातही ऐकल्या नसतील. सुरेखा शेजारणीला सांगत होती, "मला तर आधीच माहीत होतं." (तिला काहीही माहीत नव्हतं.)

परतताना मी श्रावणीला विचारलं, "कधी ओळखलंस?"

"खिशात हात घातला तेव्हाच. पप्पा, जन्मल्यापासून तुमच्या रिजेक्ट टॉवेलनंच अंग पुसतेय मी. ओळखणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

यंदाच्या प्रॉमला नरसय्या मास्तरांकडे रांग लागली. 'खिसेवाला गाऊन' म्हणून नाव झालं. मास्तर सगळ्यांना मानेमागं पट्टी लावतात, आता मुली मागून घेतात. भाड्याच्या गाऊनचं डिपॉझिट यंदा कुणाचंही पुण्यात अडकलं नाही. सगळं उत्तम झालं.

फक्त बिराजदार. त्यांना आजही वाटतं कारंजं त्यांनी पाडलं. केटररची सगळी काच त्यांनी बिनबोभाट भरून दिली, आणि पोरीचा गाऊन आपल्या हातानं नासला ही बोच काही जात नाही. म्हणून दर महिन्याला ते शेंगाचटणीचा डबा घेऊन दारात उभे राहतात.

"श्रावणीला आवडतीय ना, म्हणून आणली. माझ्या हातनं चूक झाली हो त्या दिवशी."

आणि मी मान हलवतो! चटणी घेतो, खातो. झणझणीत असते, डोळ्यांत पाणी येतं. सुरेखाला वाटतं तिखटानं.

डबा परत द्यायचा तर रिकामा देता येत नाही, आणि त्यात काय भरून द्यावं हे मला सुचत नाही. खरं सांगितल्याशिवाय काहीही भरलं तरी तो रिकामाच जाणार. म्हणून डबे फळीवर साठत चालले आहेत. परवा सुरेखानं विचारलं, "अहो, बिराजदारांचे डबे कधी द्यायचे?" मी मान हलवली.

तर हिशेब साधा आहे. बिराजदारांचे बारा डबे आणि एक खरी गोष्ट मी देणं लागतो. डबे उद्या देईन म्हणतो.